जावयाच्या फेट्यातलं मोरपीस

माझ्या एकुलत्या एक पोरीचं लग्न मोडायला आलं होतं ते एका मोरपिसावरून. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र डोकं भणभणलं होतं.

जावई जर्मन. लग्नाला आठवडा असताना तो अमरावतीला आमच्या घरी येऊन उतरला. तेल्हाऱ्याहून माझी आत्याही आली होती. वडील गेल्यापासून घरातलं वडीलधारं माणूस तीच. चहाच्या वेळी तिने विचारलं, "तुमचं कूळ कोनतं?" पोरीने समजावून सांगितलं आणि जावयाची कळी खुलली. त्याचं घराणं जुन्या सरदारांचं, घोड्यावरून लढणाऱ्यांचं. नदीकाठच्या टेकडीवर चिमुकला किल्ला, खालच्या रस्त्यावर जकात, लढाई नसली की शेती. "म्हंजे आपल्यासारखेच," आत्या खूश. मग त्याने मोबाइलवर घराण्याचं चिन्ह दाखवलं. ढालीवर बैलाची शिंगं, वर शिरस्त्राणात मोरपीस.

आत्याने कप खाली ठेवला. मोरपीस आमचं देवक. लग्नाआधी मांडवात आम्ही त्याचीच पूजा करतो, आणि ज्यांचं देवक एक ते भाऊबहीण.

"काहून बाबू, बहीन-भावाचं लगन लावून राहिला का तू?"

"आत्या, तो जर्मनीचा आहे!" मी ओरडलोच. "तिकडं कुठलं आलं देवक?"

"मंग हे काय हाय? मी नाई बसत मांडवात."

पोरगी रडवेली झाली. मला आत्याचा असा संताप आला होता, पण तिच्याशिवाय पोरीला हळद लागावी हेही सहन होईना.

जावई मात्र शांतपणे सांगू लागला, पोरगी डोळे पुसत त्याचं मराठी करत गेली. शिंगं त्यांची मूळची. मोरपीस शेजारच्या सरदाराचं. त्याला मुलगा नव्हता, एकच मुलगी. ती याच्या पूर्वजाला दिली. सासऱ्याची खूण पुसून जाऊ नये म्हणून त्या जावयाने मोरपीस आपल्या डोक्यावर मिरवलं, आणि तेव्हापासून सगळी पोरंबाळं मिरवतात.

देवक येतं बापाकडून. "म्हंजे मोरपीस आजोळचं," आत्या म्हणाली. "मंग तुमचं देवक शिंग. हरकत नाई." माझा जीव भांड्यात पडला. तिने मात्र मोबाइल जवळ ओढून ते चिन्ह निरखलं. "एकटी पोरगी होती म्हन्ता?" तिने पुन्हा विचारलं.

पोरगी जन्मली तेव्हापासून हीच आत्या मला म्हणत आली होती, "एक पोरगा पायजे होता बाप्पा. तुयं नाव कोन चालवन?" मी दरवेळी भांडायचो, आणि दरवेळी ते मनाला लागायचं.

लग्नाच्या दिवशी जावयाचं देवक म्हणून आमच्या बैलाच्या पितळी शिंगोट्या पुजल्या. त्याला फेटा बांधून झाला, तशी आत्या काठी टेकत आली आणि देव्हाऱ्यातलं एक मोरपीस तिने त्याच्या फेट्यात खोवलं.

"हे तुया सासऱ्याचं हाय," ती म्हणाली. "सांभाळजो."

त्याला शब्द कळले नसतील, पण तो वाकून तिच्या पाया पडला. मी भर मांडवात ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, पोरगी सासरी चालली म्हणून.