दोन सीटांची सवत

आमच्या ग्रुपमध्ये कुणाकडेही जेवायला जमलो, की हात धुवून बसेपर्यंत कुणीतरी साठे डॉक्टरांच्या गाडीचा विषय काढतंच. मग एका किश्श्यावर भागत नाही, एकाच्या शेपटाला धरून दुसरा येतो. मी फार्मसिस्ट माणूस, गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण इथे किवींच्या देशात, हिल्सबरोला मी डॉक्टरांच्या भिंतीला भिंत लावून राहायचो, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे.

गाडी इंग्लंडातली. एका शेडमध्ये चार-पाच माणसांनी हातानं बांधलेली, आणि अशा इतक्या थोड्या, की जगभरचे मालक एकमेकांना नावानं ओळखतात. कंपनीचं नाव सांगितलं तर तुम्ही 'कोण?' असंच विचाराल. फायबरची बॉडी, उंची माझ्या कमरेएवढी, इंजिन पाठीमागे. एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागची सीट नाही. "मग आहे काय तिच्यात?" असं मुग्धावहिनींनी नवऱ्याला विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आवाज."

*

गाडी आणली २०१२ साली, टौरंगाहून. वहिनींना सांगितलं होतं, बीचवर जाऊ. त्या बिचाऱ्या दशम्या, चटणी, लेकीचे टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे, असं सगळं बांधून निघाल्या. सोबत मी आणि मंदार. मंदार म्हणजे आमच्यातला गाडीवाला, पुण्याहून शिकायला आला आणि टाकानिनीत वर्कशॉप टाकून बसला. पोचलो ते थेट किवीफ्रूटच्या बागेत! वहिनींचा चेहरा बघून मी दशमीचा डबा मागायची हिंमत केली नाही.

मालक ग्रॅहम नावाचा म्हातारा. त्या सुमाराला किवीफ्रूटवर रोग आला होता, त्याची अख्खी बाग कापून टाकलेली, नुसते खांब आणि तारा उरलेल्या. चहा पिताना त्यानं गाडीची वंशावळ सांगितली. पहिला मालक एक इंग्रज, तो इथे स्थायिक व्हायला आला तेव्हा गाडी बोटीत घालून घेऊन आला. तो वारल्यावर वेलिंग्टनचा एक दातांचा डॉक्टर, मग हा. किल्ली डॉक्टरांच्या हातात दिली आणि म्हणाला, मला बागेत काम आहे.

बागेत कसलं काम असणार? आम्ही गेटबाहेर पडेपर्यंत तो त्या खांबांमध्ये पाठमोरा उभा होता. परतताना डॉक्टर त्या गाडीत पुढे, आणि आमच्या गाडीत वहिनी दशम्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून. मला वाटलं, आता घरी गेल्यावर डॉक्टरांचं काही खरं नाही. पेट्रोलला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या माणसाला दशमी तरी द्यायला हवी होती."

*

त्या वर्षी दसऱ्याला गाडीची पूजा. राग कितीही असो, दारात आलेलं वाहन बिनपूजेचं ठेवायला वहिनी तयार नव्हत्या. फुलं झाली, कुंकवाचं स्वस्तिक झालं, पण डॉक्टर नारळ फोडू देईनात, शिंतोडे उडून रंग खराब होईल म्हणून. तेव्हा मंदारनं अक्कल चालवली. नारळ गाडीसमोर ठेवू, डॉक्टर त्याच्यावरून गाडी अलगद नेतील, देवालाही पोचेल.

गाडी जमिनीपासून चार बोटं वर! नाक नारळावर चढलं आणि तिथेच बसलं. पुढे जाईना, मागे येईना. डॉक्टर कपाळाला टिळा लावून आत, मंदार जॅक घेऊन पोटावर आडवा. तेवढ्यात समोरचा ट्रेव्हर रबरी जँडल्स फटकारत आला, वाकून बघितलं आणि अगदी काळजीनं विचारलं, इंजिनाचा काही भाग सुटून पडलाय का. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "नो, दॅट पार्ट इज गॉड्ज." ट्रेव्हर 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे मग झकास, म्हणून जसा आला तसा गेला.

*

त्यानंतर हॉस्पिटलची ख्रिसमस पार्टी. वहिनी पैठणी नेसून या गाडीतून गेल्या. या गाडीत बसायचं म्हणजे आधी पाय पसरून जमिनीवर बसल्यासारखं बसायचं, आणि उतरायचं कसं ते ज्याचं त्यानं बघायचं. शेवटी त्यांना दोन मिडवाइफनी ओढून बाहेर काढलं. नशीब, पार्टी हॉस्पिटलची होती. घरी आल्यावर वहिनींनी जाहीर केलं, ही गाडी नाही, माझी सवत आहे. त्या दिवसापासून ग्रुपमध्ये गाडीचं नावच सवत पडलं.

*

२०१६ साली डॉक्टर म्हणायला लागले, क्लच जड झालाय. मंदारनं तपासला, काही दोष नाही. महिन्याभरानं पुन्हा तीच तक्रार. शेवटी त्यानं इंग्लंडहून नवा क्लच मागवला. डॉक्टर भूलतज्ज्ञ, तेव्हा आम्हीही सोडतोय होय! म्हटलं, तुमच्या हाताखाली राहून गाडीलाच भूल चढली असेल.

नवा क्लच बसला त्या दिवशी मी वर्कशॉपवर होतो. डॉक्टर चक्कर मारून आले आणि म्हणाले, अजून जडच आहे रे. मंदार वैतागला. स्वतः बसून बघितलं, मग मला बसवलं. माझा पाय लोण्यात गेल्यासारखा गेला. मी बोलून गेलो, डॉक्टर, हा तर अगदी हलका आहे.

डॉक्टर स्टुलावर बसले, डाव्या पायातला बूट काढला आणि पाऊल वर उचलायला लागले. ते नीट उचललं जाईना. "बरं," एवढंच म्हणाले, आणि बूट पुन्हा घातला. गाडी मंदारनं घरी आणून सोडली.

मोटर न्यूरॉन डिसीज हे नाव आम्हाला नंतर कळलं, त्यांना बहुतेक त्या स्टुलावरच कळलं होतं. शरीर हळूहळू थांबत जातं आणि डोकं शेवटपर्यंत लख्ख राहतं. जन्मभर दुसऱ्यांना शुद्धीपलीकडे नेऊन सुखरूप परत आणणाऱ्या माणसाला हे व्हावं, याचा मला आजही राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

*

बोलणं जड झालं तसं डॉक्टरांनी ठरवलं, गाडी आपल्या डोळ्यांदेखत चांगल्या घरी द्यायची. गिऱ्हाइकं यायला लागली. वहिनी प्रत्येकाला चहा द्यायच्या, वर केक द्यायच्या आणि मग सुरू व्हायच्या. पावसात पाणी आत येतं. उन्हाळ्यात पाय भाजतात. पार्ट मिळत नाहीत. तुमची बायको यातून उतरू शकणार नाही. माणूस चहा संपवून पसार!

लेक इरा तिथेच असायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. "मम, यू आर सो मीन," म्हणून ती हसायची. डॉक्टर आयपॅडवर एका बोटानं टाइप करून मला दाखवायचे, 'काय सेल्सवुमन आहे!'

मी एकदा कुंपणापाशी वहिनींना विचारलं, डॉक्टरांच्या मनासारखं का होऊ देत नाही? त्यांच्या हातात धुतलेले कपडे होते. म्हणाल्या, "ती गाडी दारातून गेली, म्हणजे मी मान्य केलं असं होईल. मी नाही मान्य करत."

मी टोपलीतले चिमटे काढून दिले.

*

रविवारी सकाळी मी आणि मंदार डॉक्टरांना उचलून ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचो, सीट पुढे ओढून द्यायचो आणि इंजिन सुरू करायचो. ते स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत बसायचे. पुढे पुढे त्यांना आत बसवणं जमेना. मग व्हीलचेअर गाडीमागे लावायची, मंदार खिडकीतून हात घालून किल्ली फिरवायचा. डॉक्टर डोळे मिटून घ्यायचे. वहिनी कानांवर हात घेऊन शेजारी उभ्या राहायच्या, पण घरात जायच्या नाहीत.

मग एका रविवारी गाडी सुरू करायला कुणी गेलं नाही.

*

२०१९ मध्ये वहिनींनी आपण होऊन मंदारला फोन केला, कुणी चांगला माणूस असेल तर आण. त्यानं नेल्सनहून नेव्हिल नावाच्या एका रिटायर्ड माणसाला आणलं. ताडमाड उंच, दारातून येताना वाकावं लागलं. वहिनींनी चहा दिला. या वेळी गाडीचा एकही दोष सांगितला नाही. नेव्हिल ट्रायलसुद्धा नको म्हणाला, नुसता आवाज ऐकला आणि सह्या केल्या.

मग तो आत शिरला. डॉक्टर पाच फूट चार इंच, सीट त्यांच्या मापानं पार पुढे ओढलेली, तशीच राहिलेली. नेव्हिलचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले. त्यानं सहज सीटखाली हात घातला, मागे सारायचा खटका शोधायला.

"ओह," वहिनी म्हणाल्या. एवढंच.

नेव्हिलनं त्यांच्याकडे बघितलं. मग सीटकडे बघितलं. हात बाहेर काढला आणि म्हणाला, "शी फिट्स मी फाइन."

दार लावून तो तसाच निघाला, मान वाकडी, गुडघे छातीशी, क्लच कसाबसा दाबत. आम्ही तिघं गेटपाशी उभे होतो. गाडी उताराला लागली, वळली आणि दिसेनाशी झाली. पाठोपाठ वळणापलीकडे ती थांबल्याचं मला आवाजावरून कळलं. जराशानं पुन्हा निघाली.

वहिनी तोवर कप विसळायला आत गेल्या होत्या.