डोमाकाकांचं मन मोडायचं नाही

किस्से धानाच्या पुंजण्यासारखे रचले जातात. एक पेंढी ओढायला जावं, तर चार डोक्यावर! आता डोमाकाकांचंच घ्या ना.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या गावाला दंडारीचा, म्हणजे नाचगाण्याच्या नाटकाचा, नाद. फागोजी राजा, सुकाजी राणी, मी ढोलकीवर. पोटासाठी धान आणि जिवासाठी दंडार. दाढ्या, मिशा, गंगावनं, तोंडाचा रंग, सगळं तिरोड्याच्या बाजारात डोमाकाकांनी अंथरलेल्या पोत्यावर मिळायचं. अंबाडीच्या दाढ्या ते स्वतःच्या हातानं वळायचे. मग गोंदियात रेशमी दाढ्यांचं दुकान निघालं. फागोजी म्हणाला, "आपल्या काकाचं दुकान उठाले नाई पायजे. त्याचं मन मोडाचं नाई, बस!"

तिथून घोळ सुरू झाला.

* * *

पहिल्याच बाजारी आम्ही भाव केला नाही. काका घाबरले! दाढी उलटीसुलटी करून पाहू लागले. "मालात खोट हाये का गा?"

"नाई काका, फस्कलास!"

"मंग भाव काऊन नाई करत?" असं म्हणून त्यांनी आपणच भाव उतरवला. फागोजीनं चढवला. काकांनी आणखी उतरवला. माणसं गोळा झाली. शेजारचा चिवडेवाला म्हणाला, "याच्यात गिऱ्हाईक कोन हाये बे?"



* * *

एकदा राणीसाठी गंगावन सांगितलं. काकांना डोळ्यांनी कमी दिसायचं, त्यांनी ऋषीची दाढी बांधून दिली. परत कशी करायची? खेळात ऋषी नव्हता, तर घातला. राणीला माहेरी धाडलं आणि सुकाजीला दाढी लावली.

काकांनी विचारलं, "कसा झाला खेळ?"

सुकाजी म्हणाला, "दाढीनंच गाजला!"

पुढच्या बाजारी काकांनी हौसेनं टोपलीभर दाढ्या आणल्या. आम्ही सगळ्या घेतल्या. मग काय, आमच्या राजाला ना प्रधान, ना शिपाई. जिकडेतिकडे ऋषी! पब्लिकमधून एक म्हातारी ओरडली, "राजा चुकून आश्रमात घुसला वाटते!"

* * *

काकांकडचा तोंडाला फासायचा सफेदा फागोजीला बाधला. तोंड सुजून भोपळा झालं. तशा तोंडानं गडी बाजारात गेला.

काका म्हणाले, "तुमी कोन बापा? फागोजी नाई आला?"

"मीच तो, काका."

"अस्सं! रंग कसा वाटला?"

"थंडगार!"

काकांनी खूश होऊन अजून एक डबी हातावर ठेवली.

* * *

काकांची एकुलती एक लेक नवेगाव बांध या गावी दिली होती. ती दर दिवाळीला बोलवायची, काका जायचे नाहीत. एका बाजारी ते नुसतेच बोटं चोळत बसले होते. सुकाजीला राहवलं नाही.

"काका, लेकीकडे काऊन नाई जात?"

"गेलो असतो ना गा! पन तुमी एवढ्या दुरून येता. तुमाले नाई म्हनवत नाई. दाढ्या वळून वळून बोटं गेली माझी."

मग फागोजी हळूच म्हणाला, "काका, घरी माळाभर दाढ्या पडल्या हायेत. आमी तुमच्यासाठीच घेऊन राहिलो होतो."

काका डोळे पुसेपर्यंत हसले. दुसऱ्याच दिवशी बैल जुंपलेल्या खासरात बसून लेकीकडे जायचं ठरलं.

पुढच्या बाजारी गेलो, तर काका जागेवर!

"काऊन काका?"

"वाटलं, तुमी आले न् जागा खाली दिसली तं? पन तुमी कायले आले?"

"तुमी गेले का नाई, ते पाहाले."

"असं हाये का! मंग बसा जरा. लेकीकडे जाऊन येतो मी." पोत्यावर आम्हाला बसवलं आणि काका काठी घेऊन खासराकडे निघाले.

आम्ही बसलो. संध्याकाळ झाली, बाजार उठला. चिवडेवाला टोपली डोक्यावर घेऊन म्हणाला, "काऊन गा, दुकान नाई उठवत?"

फागोजी म्हणाला, "दुकान आमचं असतं तं उठवलंच असतं ना!"