तक्रारीचं पत्र

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला एकच मेमो मिळाला. इंग्रजीच्या शिक्षिकेने शाळेच्या भिंतीवर देवाचा अपमान करणारा मजकूर लावला आणि काढल्यावरही वारंवार पुन्हा लावला, असं त्यात लिहिलं होतं. वारंवार लावला, हे अगदी खरं. देवाचा अपमान, हे खोटं. तेव्हाही मी तेच म्हणाले होते, आजही तेच म्हणते.

आमची शाळा श्रीरामपुरातली, जुनी, मराठी माध्यमाची. निम्मी मुलं आमच्या ख्रिस्ती मंडळीतली, निम्मी आसपासच्या वस्त्यांवरच्या शेतकऱ्यांची. मी याच शाळेत शिकले. माझे वडील सुतार होते. चर्चमधले बाक त्यांच्या हातचे. सातवी शिकलेले, पण रोज संध्याकाळी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय मोठ्याने वाचायचे, आणि असे वाचायचे की आम्ही भावंडं हातातलं काम सोडून ऐकत बसायचो. एखादा शब्द आवडला की तेवढंच वाक्य पुन्हा वाचायचे. ‘गोड लागतंय’ म्हणायचे. शब्दाला चव असते हे मला तिथं कळलं.

गोऱ्या मिशनरी साहेबांचा जुना बंगला रिकामा केला तेव्हा वडिलांना तिथं कपाटं उतरवण्याचं काम मिळालं. तिथून ते पोतंभर इंग्रजी पुस्तकं घेऊन आले. वाळवी लागलेली, पाठ सुटलेली. आईला वाटलं, चुलीला झाली. वडील म्हणाले, “जाळायची नाहीत. पोरगी वाचंल.” मला तेव्हा इंग्रजी जेमतेम येत होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी पहिली कादंबरी वाचली. तिची सुरुवातीची चाळीस पानं गायब होती. ती बाई घर सोडून का निघाली हे मला कधीच कळलं नाही, पण ती निघाली याचा मला फार आनंद झाला होता. लोक मला विचारतात, चर्चला जाणारी बाई असल्या कादंबऱ्या कशी वाचते? मला हा प्रश्नच कळत नाही. माझी श्रद्धा आणि माझं वाचन एकाच माणसाच्या आवाजातून माझ्याकडे आलं. त्यांची वाटणी करायला मी बसणार नाही.

तर भिंतीवरचा तो मजकूर जिचा, ती मुलगी. नववीत होती. तिचे वडील साखर कारखान्यात कामाला, आमच्याच मंडळीतले. तिची सहा वर्षांची बहीण तापाने आजारी पडली आणि तिला नगरच्या दवाखान्यात हलवलं. तीन दिवस अख्खी मंडळी प्रार्थनेला बसली होती. मीही बसले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती लेक गेली.

पंधरा दिवसांनी मुलगी शाळेत आली. कुणाशी बोलेना. त्या आठवड्यात आमचं पत्रलेखन चालू होतं, तक्रारीचं पत्र. दरवर्षी मुलं नगरपालिकेला लिहितात, आमच्या गल्लीत पाणी येत नाही, कचरा उचलत नाहीत. मी फळ्यावर पत्राचा नमुना लिहून दिला आणि म्हटलं, तक्रार कुणाकडेही करा, पण खरी करा.

तिने देवाला लिहिलं.

डावीकडे पत्ता, खाली तारीख, विषय, ‘रिस्पेक्टेड सर’, सगळं जागच्या जागी. विषय होता, माझ्या बहिणीबाबत. पुढे मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की आम्ही तुमच्याकडे तीन दिवस अर्ज करत होतो. पोच मिळाली नाही. नाही म्हणायचं होतं तर पहिल्याच दिवशी म्हणायचं, आई तिची वेणी घालायला फणी घेऊन बसली नसती. तुम्ही कामात होता का? कृपया कारण कळवावे. आणि शेवटी, ‘युवर्स फेथफुली’.

स्टाफरूममध्ये मी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. व्याकरणाच्या अकरा चुका होत्या. एकही सुधारली नाही. दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेऊन विचारलं, “हे भिंतीवर लावू? नको म्हणालीस तरी चालेल.”

तिने ते माझ्या हातातून घेऊन एकदा वाचलं. मग म्हणाली, “लावा. त्याला दिसू दे.”

मी लावलं. दोन दिवस मुलं रांगेने वाचत होती. वस्तीवरची मुलंसुद्धा, ज्यांचा आमच्या देवाशी काही संबंध नाही तीसुद्धा. एकाने मला विचारलं, “बाई, आमच्या देवाला लिहिलं तर चालंल का?” मी म्हटलं, लिही. त्याने खरंच लिहिलं.

तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. आमच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, तेच आणि शाळेचे व्यवस्थापकही तेच. नवीन आले होते, वयाने माझ्यापेक्षा लहान. शिस्तीचे, वाईट नव्हे.

“बाई, ते पत्र काढा. आणि मुलीने सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर क्षमा मागावी.”

“कुणाची?”

“देवाची. अजून कुणाची?”

“पाळकसाहेब, ती त्याच्याशीच बोलतेय. तुम्ही मध्ये कशाला पडता?”

ते लाल झाले. म्हणाले, “देवाला जाब विचारायला शिकवता तुम्ही मुलांना?”

“मी शिकवायची गरजच पडली नाही. दर रविवारी तुम्ही शास्त्रातली स्तोत्रं वाचता, त्यात निम्मी रड आणि निम्मी भांडणं आहेत. ती चालतात, कारण ती जुनी आहेत. हिचं नवं आहे, एवढाच फरक. खाली काय लिहिलंय बघा. युवर्स फेथफुली.”

“तो पत्राचा नमुना झाला.”

“प्रार्थनेचाही नमुनाच असतो. म्हणून ती खोटी ठरते का?”

संध्याकाळपर्यंत पत्र भिंतीवरून गेलं होतं. मी घरी जाऊन ते आठवून माझ्या अक्षरात लिहिलं, मुलीचं नाव काढून खाली माझी सही केली आणि सकाळी त्याच जागी लावलं. दुपारी काढलं गेलं. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा लावलं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी शिपाईबाई हातात टाचण्या घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “मला काढायला लावत्यात, बाई. फाडत न्हाई मी, घडी घालून आनलंय.” त्यांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून मी लावणं थांबवलं. बाकी कुणासाठी थांबवलं नसतं.

मग मेमो आला आणि शाळेच्या कमिटीची बैठक लागली. मुलीच्या वडिलांनाही बोलावलं होतं. ते कारखान्याच्या कपड्यांतच आले, दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. पाळकांनी त्यांना समजावलं, मुलगी लहान आहे, बाईंनी तिचा वापर केला, तिने दोन शब्दांत माफी मागितली की विषय मिटला.

ते उठून उभे राहिले. म्हणाले, “सायेब, मला इंग्रजी येत न्हाई. पोरीनं मला वाचून सांगितलं. तिनं लिवलंय ते खरं हाय का खोटं?”

पाळक समोरचे कागद सरळ करू लागले.

“आमी दवाखान्यात वरडून रडलो तवा तुमी खांद्यावर हात ठिवला व्हता. माफी माग म्हनला न्हाई. मंग पोरगी कागदावर रडली तर माफी कशाची?” आणि डोक्यावर टोपी घालून ते निघून गेले.

माझ्याकडून लेखी दिलगिरी मागितली होती. मी तीन ओळी लिहून दिल्या: मजकुरात अपमान नाही, मला दिलगिरी नाही, आणि मुलीला प्रार्थनेत उभं केलं तर मी तिच्या शेजारी उभी राहीन. मुलीला कुणी उभं केलं नाही. मला मात्र नववी-दहावीचे वर्ग काढून पाचवी दिली. चर्चच्या रविवारच्या शाळेतूनही वगळलं, जिथं मी अठरा वर्षं मुलांना गोष्टी सांगत होते. ते लागलं मला. आजही लागतं.

त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत पाळकांच्या हातून भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला घ्यायचा विधी. माझी बहीण म्हणाली, “जाऊ नको, लोक बघतील.” मी इस्त्रीची पांढरी साडी नेसले आणि नेहमीच्या बाकावर बसले. वेळ झाली तेव्हा उठले आणि पुढे गेले. मी गुडघे टेकले. पाळक माझ्यापाशी आले आणि थांबले. किती वेळ, सांगता येत नाही. मी मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले. तो प्याला त्यांच्या घरचा नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी दिला. मी घेतला. मंडळी सोडून दुसरीकडे जा, असं सुचवणारे पुष्कळ निघाले. मी का जावं? बाक माझ्या बापाने बनवलेत, हे एक. आणि ज्याच्याशी माझं नातं आहे तो काही बदली होऊन आलेला नाही.

बदली पाळकांचीच झाली, तीन वर्षांनी. जाताना शाळेत निरोप समारंभ झाला. मला म्हणाले, “बाई, तुम्ही फार हट्टी.” मी म्हटलं, “व्हय.” ते हसले. माफी त्यांनी मागितली नाही, मीही नाही. पर्यवेक्षकाच्या जागेसाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा माझी फाईल उघडली गेली आणि मेमो निघाला. आता मी अर्ज करत नाही. पाचवीला शिकवते. इंग्रजीतली पहिली कविता माझ्याकडून ऐकतात ती मुलं, मोठ्याने, आणि आवडली तर आम्ही ती ओळ पुन्हा म्हणतो.

ती मुलगी दहावी झाली, बारावी झाली, आता नगरला कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. कादंबरी वाचून झाली की मला मोबाईलवर लांबलचक बोलून पाठवते. बहुतेक वेळा लेखकावर चिडलेली असते. मग मी त्याची बाजू घेते आणि आमचं जुंपतं.

चर्चला ती सध्या येत नाही. मंडळीतल्या एक बाई परवा मला म्हणाल्या, “बघितलंत ना, काय झालं ते?”

“बघतेय,” मी म्हटलं. “अजून पत्राचं उत्तर यायचंय तिला. तोवर तिला कुणी काही बोलायचं नाही.”