खिळ्यावरच्या बांगड्या

लालबागला मी डबा पोचवायला जायचे, त्या गल्लीत लेथ मशीनचा कारखाना होता. तिथे एक बाई काम करायची. मशीन सुरू करण्याआधी ती बांगड्या काढून खिळ्याला अडकवायची. तिची मोकळी मनगटं बघून मला कसंतरी व्हायचं.

माझ्या मुलीला आयटीआयत शिकून टर्नर, म्हणजे असंच लेथ चालवणारी, व्हायचं होतं. फॉर्मवर माझी सही हवी होती आणि मी टाळत होते. एकदा धीर करून त्या बाईला विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना ताई. म्हणून तर बांगड्या काढते. भीती गेली की बोट जातं," म्हणत तिने मशीनवर नुकताच कातलेला लोखंडाचा तुकडा माझ्या हातात दिला. अजून गरम होता. बोट फिरवलं, कुठेच अडकलं नाही.

संध्याकाळी मी सही केली. मग दाराजवळ एक खिळा ठोकला, मुलीच्या बांगड्यांसाठी.