त्या बाईसाठी प्रार्थना

नागपुरात, सदर भागात, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची ध्वनिमुद्रणाची खोली आहे. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडकी खिळे मारून कायमची बंद, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना कूलरही बंद. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद करून माणसाला स्वतःच्या पापांविषयी बोलायला बसवणं काय असतं, ते एकदा येऊनच पाहावं. बोलणारा घामाघूम होतो, आवाज कापतो, आणि ऐकणाऱ्यांना वाटतं, किती खोल पश्चात्ताप!

या खोलीत आमचा आठवड्याचा ख्रिस्ती कार्यक्रम तयार होतो. तो समुद्रापलीकडच्या एका केंद्रावरून रेडिओवर लागतो, आणि आता मोबाइलवरही ऐकता येतो. गीत असतं, बायबलचं वचन असतं, कोणाची तरी साक्ष असते, म्हणजे पापातून कसे सुटलो याची हकीकत, आणि शेवटी मी असते. पाप कबूल करा म्हणजे आनंद मिळेल, हे मी इतक्या वर्षांत इतक्या परींनी सांगितलंय की झोपेतसुद्धा सांगू शकेन. भाजीबाजारात तोंड उघडलं की एखादी बाई वळून बघते. "तुम्ही रेडिओवाल्या ताई ना?" मी हो म्हणते. ती हात जोडते, पोरीच्या परीक्षेसाठी प्रार्थना करायला सांगते आणि आपल्या घरी जाते. मीही माझ्या घरी येते. मी लग्न केलं नाही, आई गेली, आणि एकटीच्या स्वयंपाकात जीव ओतणं मी कधीच सोडलं. ओट्याशी उभ्या उभ्याच पोळी खाते.

खरी ताई मी एकाच माणसाची. धाकटी बहीण उमरेडला राहते. दर नाताळला ती करंज्यांचा डबा पाठवते आणि दर वेळी बोलावते. मी जात नाही. आमचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. ती माझं कौतुक करायची, आणि ते मला सोसायचं नाही. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकदा ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "माह्या ताईनं आईचं सारं केलं. मी तर वेळेवर पोचलीबी नाही." सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यानंतर मी उमरेडची वाट सोडली.

ती वेळेवर पोचली नाही, कारण मी तिला कळवलंच नव्हतं.

आई वर्षभर माझ्याकडे अंथरुणावर होती. तिचं हगणं-मुतणं मी काढलं, आणि नाव ती धाकटीचं घ्यायची. शेवटच्या दिवसांत तर रोज, "लहानीले बोलाव वं." मी म्हणायची, "बोलावलं आई, तिले वेळ नाही म्हणते." धाकटीचा फोन आला की तिला सांगायची, आई बरी आहे, झोपली आहे. का केलं? मत्सर. दुसरा शब्द नाही. शेवटचे चार दिवस तरी आई माझी एकटीची असावी, एवढंच वाटलं होतं. धाकटी आली नाही, असं मनात धरून आई गेली. देवाला मी हे शंभरदा सांगितलं, गुडघे टेकून, रडून. त्याने क्षमा केली असेलच. तो शब्दाचा पक्का आहे. पण ज्या आनंदाची मी घरोघर जाहिरात करायची, तो माझ्या घरी काही आला नाही.

या उन्हाळ्यात इतवारी बाजारातले एक भांड्यांचे व्यापारी साक्ष द्यायला आले. गडी मोठा बोलका. धाकट्या भावाचं जुळलेलं लग्न ह्यांनी मुलीकडच्यांच्या कानात एक खोटं सांगून मोडलं होतं, आणि पंधरा-वीस वर्षांनी भावाला जाऊन ते सांगितलं. मी त्यांना मधेच थांबवलं. आमच्याकडे नियम आहे: काय पाप केलं, कोणाविरुद्ध केलं, ते घ्यायचं नाही, उगाच कोणाच्या घरात आग लागायची. 'माझ्याकडून पाप झालं' एवढंच म्हणायचं आणि आनंदावर यायचं. त्यांनी घाम पुसला.

"असं कसं जी ताई? मंधातलं काढून टाकलं तं उरते काय?" ते म्हणाले. "देवाले सांगतलं तवा हलकं वाटलं. भावाले सांगतलं तवा तो मले लय बोलला. पण बाहेर आलो आन मले भूक लागली. कितीक वर्षांनी अशी भूक लागली होती."

भुकेचं वाक्य आम्ही कापलं. साक्षीत ते बरं दिसत नव्हतं.

कापलेलं वाक्य मात्र माझ्यासोबत घरी आलं. आठवडाभर मी फोन हातात घेऊन बसायची आणि ठेवून द्यायची. मग मी तेच केलं जे रेडिओवरचं माणूस करणार. जे एकीला सांगायचं, ते मी हजारांना सांगितलं. पुढच्या कार्यक्रमाच्या शेवटी, नियम मोडून, मी एक गोष्ट सांगितली: एक बाई होती, तिने आईच्या शेवटच्या दिवसांत बहिणीला मुद्दाम कळवलं नाही. नाव नाही, गाव नाही. धाकटी माझा एकही कार्यक्रम चुकवत नाही, हे मला ठाऊक होतं. ती ऐकेल, ओळखेल, आणि मला बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब.

रविवारी दुपारी, उपासनेनंतर, तिचा फोन आला. 

"ताई, किती सुंदर झाला वं कार्यक्रम!" ती म्हणाली. "मी तं रडलीच. आज मंडळीत त्या बाईसाठी प्रार्थना केली आम्ही. पाळकसाहेबबी म्हणे, बिचारीवर केवढं ओझं असंन."

 तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. माझ्याबद्दल असं तिच्या मनात येऊच शकत नव्हतं.

"ताई, आहेस ना? त्या बाईनं सांगतलं का मंग बहिणीले?"

"नाही," मी म्हणाले. "आता सांगून राहिली. ते बाई मी होय."

पलीकडे तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता. माझ्यातल्या रेडिओवालीने लगेच ओळखलं, अशी शांतता आम्ही कापून टाकतो.

"आईनं मले बोलावलं होतं?"

"रोज."

"आन तू काय सांगत होती तिले?"

"का तुले वेळ नाही म्हणून."

मग ती जे बोलली ते सगळं मी लिहिणार नाही. तिने मला खोटारडी म्हटलं, ढोंगी म्हटलं. "साऱ्या जगाले कबूल करा म्हणते, आन माह्या करंज्या खात राहिली!" इतकी वर्षं मला असं कोणी बोललं नव्हतं. रेडिओवाल्या ताईला कोण बोलणार? मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी तिने फोन कापला.

मी रडले. मग उठून भात टाकला, वरण केलं, दोन मिरच्या तळल्या आणि ताट वाढून खाली बसून जेवले. पोटभर. त्या व्यापाऱ्याची मनातल्या मनात माफी मागितली. धाकटी आता मला दुरावली, हे कळत होतं, आणि तरी आत कुठेतरी लख्ख झालं होतं. त्याला आनंद म्हणायला मला लाज वाटत होती, पण दुसरं काय म्हणू?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन वाजला. धाकटीच. घसा बसलेला, आणि राग तसाच.

"मी तुले माफ नाही केलं," ती म्हणाली. "अजून नाही."

"बरं."

"इतके दिवस मले वाटे, आईले शेवटी माही आठवणच आली नसंन." ती थांबली. "काय म्हणे ती? कशी बोलावत होती मले? सांग. काही सोडू नको."

मी खुर्ची ओढून खिडकीशी बसले आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.