डॅशबोर्डवरची चंदेरी पट्टी

जर्मनीत एर्लांगेनला नोकरी लागल्यावर मी हौसेने एक जुनी गाडी घेतली. वयाने माझ्याहून मोठी. डॅशबोर्डवरची क्रोमसारखी दिसणारी प्लास्टिकची पट्टी पार झिजून पिवळट पडली होती. गेल्या उन्हाळ्यात सासरे आले, त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, हे काम माझं." भोसरीत त्यांनी आयुष्यभर असल्याच प्लास्टिकला चकाकी चढवण्याचा कारखाना चालवलेला. मला काय, आनंदच झाला.

सासूबाई गेल्यापासून ते पुण्यात एकटेच राहायचे. शनिवारी परतायचं तिकीट होतं. पण दोनदा ते आमच्याच जिन्यात मजला चुकले होते, ते मी बायकोला बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "उगाच काहीतरी! इथे सगळे मजले सारखेच दिसतात."

गुरुवारी गराजमध्ये बाबांनी पट्टी स्पिरिटने पुसली, बारीक पॉलिश पेपर मारला. हात कसा सफाईने चालत होता! मग मास्किंग टेप घेतली. जिथे रंग लागू द्यायचा नाही तिथे ती लावायची, एवढं कोणालाही कळतं. बाबांनी ती पट्टीवरच लावली, कडा नखाने दाबून दाबून, आणि भोवतीचा काळा डॅशबोर्ड उघडा ठेवला. मला दिसत होतं हो! पण सासऱ्यांना त्यांच्याच धंद्यात जावयाने शिकवायचं? असेल काहीतरी जुनी युक्ती, असं म्हणत मी मूर्खासारखा उभा राहिलो. त्यांनी चंदेरी रंगाचा स्प्रे मारला.

टेप काढल्यावर ते ओरडले, "अहो, हे काय करून ठेवलंय? कोणी केलं हे?"

राग खरा होता. "माझ्याकडून झालं, बाबा," मी म्हणालो.

"इंजिनियर म्हणे!" ते हसले. मग हात पुसायला फडकं घेतलं आणि स्वतःच्या चंदेरी बोटाकडे बघत राहिले. बराच वेळ. "तिला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "शनिवारी मला घरी जाऊ द्या. पाया पडतो तुमच्या."

"हो बाबा," मी म्हणालो. आणि वर जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिकीट रद्द झालं.

आता ते आमच्याकडेच असतात; त्यांच्या व्हिसासाठी मी आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत, खेटे घालतो. माझ्याशी ते बोलत नाहीत. का, ते त्यांना आठवत नाही. बायकोला विचारतात, "या माणसाने माझं काय केलंय गं?"