एक गोणी मारवेलसाठी मोताळा

"गवत आणायला बुलढाणा जिल्ह्यात? आपल्याकडे गवत नाही का?" हा संदीपचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा सवाल. आहे ना! निफाडजवळ आमच्या गोठ्यामागे वीस गुंठे नेपियर गवत आहे. दर कापणीला युरिया टाकूनही ते वर्षागणिक बुटकं होत चाललंय आणि जमीन इतकी घट्ट झालीय की कुदळ उडते. यंदा संदीपने शेवटची मुदत दिली: वर्षभरात हा तुकडा सुधारला नाही तर म्हशी निम्म्या करायच्या. बारातल्या कोणत्या सहा विकायच्या, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात चाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोताळा तालुक्यातल्या एका कुरणाचा फोटो आला. मे महिन्यातला, आणि गवत जिवंत! कुरण राखणाऱ्यांचा नंबर मिळवला आणि जुलैत एका सकाळी रिकामी गोणी पिशवीत कोंबून रेल्वेत बसले.

मलकापूरला उतरलात की स्टँडबाहेरची कचोरी तळलेल्या मिरचीसकट खा, पुढे पोट भरायला लवकर काही मिळत नाही. मोताळ्याच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, शिवाय मला खिडकी मिळाली. बाहेर कपाशी आणि सोयाबीन, सोयाबीन आणि कपाशी. गवत काय ते बांधावर. फसले की काय मी, असं वाटायला लागलं.

मोताळ्याहून काळीपिवळी जीपने गावात पोचले. (गावाचं नाव लिहू नका, असं तिथल्या बायकांनीच बजावलंय.) गावाचं कुरण बायकांचा गट राखतो. गटाच्या प्रमुख सुमनबाई, पन्नाशीच्या, मला थेट टेकडीवरच घेऊन गेल्या. गुडघाभर मारवेल गवत! चप्पल काढून उभी राहिले, तर माती पायाखाली दबली. माझ्या शेतात असं होऊन किती वर्षं झाली, आठवेना. डोळ्यांत पाणीच आलं.

मारवेल बियांपेक्षा ठोंबांनी, म्हणजे मुळांसकट काढलेल्या जुडग्यांनी, चांगलं लागतं. गोणीभर ठोंबांचे किती, म्हणून मी पर्स उघडली.

"पैसे ठेवा आत," सुमनबाई म्हणाल्या. "इथून गवत न्याचं तं शेनखत आनाचं, आपल्या कोठ्यातलं. मले बी सूट नाई."

"अहो, मी निफाडहून शेणखत कसं आणू?"

"थे बी खरंच हाय." त्या हसल्या, पण हलल्या नाहीत. "बारा म्हशी म्हन्ता ना? शेन जाते कुठी त्याहिचं?"

"द्राक्षबागायतदार नेतात ट्रॉलीने. विकतो आम्ही."

"अन् गवताले काय टाकता?"

"युरिया. विकत आणून."

सुमनबाईंनी गवत कापणाऱ्या बायकांना हाक मारली, "आयकलं का वं? ह्या ताई शेन इकून युरिया घेऊन राह्यल्या!"

टेकडीभर हशा. मला भयंकर राग आला, आणि तो त्या खरं बोलल्याचा होता. इतकी वर्षं रोज सकाळी हिशेब करणारी मी, हे मला दिसलं कसं नाही?

"तुमच्या कोठ्यातलं मी वाहते," मी म्हटलं. "गोणीला किती टोपली?"

"दहा. पन उद्या. आज भाकर खा."

त्यांच्याकडची बेसनाच्या पातोडीची रस्सा भाजी इतकी झणझणीत की मी दोनदा पाणी आणि तीनदा भाजी मागितली. गावात लॉज नाही, मुक्काम त्यांच्याच पडवीत.

दुसऱ्या दिवशी उकिरड्यावरून मुरलेलं खत डोक्यावर घेऊन टेकडी चढायला लागले. चौथ्या टोपल्याला मान आखडली. एकीने चुंबळ नीट वळून दिली, दुसरीने खत फेकायला शिकवलं. मध्येच विळा घेऊन गवत कापून पाहिलं, सवयीप्रमाणे जमिनीलगत. सुमनबाईंनी हातच धरला.

"मूठभर उंच सोडा, ताई. सारंच कापलं तं फुटन कशाच्या जोरावर?"

सातव्या टोपल्याला त्या म्हणाल्या, "राहू द्या आता, झालं."

मी दहाही वाहिली.

परतीच्या गाडीत ओल्या गोणपाटातल्या ठोंबांकडे बघून एक काका नाक मुरडत होते. जाणार असाल तर गोणपाटावर दर दोन तासांनी पाणी शिंपडा आणि काकांकडे लक्ष देऊ नका. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी नेपियर मेलेल्या कोपऱ्यात लावणी केली. गोणी कोपऱ्यापुरतीच पुरली. बाकीचं यातूनच वाढवायचं.

तिसऱ्या दिवशी बागायतदाराचा ट्रॅक्टर दारात. संदीपने त्याला आधीच शब्द दिला होता.

"शेण द्यायचं नाही," मी ड्रायव्हरला सांगितलं.

"भाऊंनी बोलावलंय."

"धारा मी काढते."

ट्रॉली रिकामी गेली. चारचौघांत शब्द पडला म्हणून संदीप माझ्याशी बोलेना. त्याचंही चुकत नव्हतं. मला भीती वाटतेच. सुमनबाईंच्या कुरणालाही कित्येक वर्षं लागली, आणि माझ्याकडे एकच वर्ष आहे. दोन दिवस मी एकटीच शेणखत पसरत राहिले.

त्यानंतरच्या सकाळी संदीप बांधावर येऊन उभा राहिला.

"तीन वर्षं दे मला," मी म्हटलं. "तोवर एकही म्हैस विकायची नाही."

त्याने वाकून एका ठोंबाभोवतीची माती दाबून पाहिली.

"दोन," तो म्हणाला.

मी तीनच धरून चाललेय.